कांट्यावरचे टिंब

मार्च महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, एका चारमजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, रस्त्याकडच्या खोलीत, खिडकीलगतच्या टेबलापाशी, एका निवृत्त मुद्रितशोधकांची शांततारक्षणाच्या कामावर नियुक्ती झाली. नियुक्ती फोनवरून झाली, तीस दिवसांच्या परीक्षेवर झाली, आणि ती करणाऱ्या बाईंच्या चिमट्यात त्या क्षणी कोणाची तरी दाढ होती.

ह्या बाई दातांच्या डॉक्टर. फावल्या वेळात त्यांनी इंटरनेटवर एक मंडळ उभे केले होते. छापून मिळेनाशा झालेल्या जुन्या पुस्तकांच्या पानांची छायाचित्रे त्या तेथे ठेवीत, आणि कोठकोठली माणसे, एकमेकांचे तोंड न पाहता आणि कोणी सांगितलेले नसता, ती पाने अक्षरन् अक्षर पुन्हा टंकित करीत. हेतू हा की ती कोणालाही वाचता यावीत, आणि ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांना यंत्राच्या तोंडून ऐकता यावीत. सध्या हाती घेतलेला ग्रंथ घड्याळे दुरुस्त करण्याविषयी होता. पाने सहाशे बारा. आकडे नसलेली पहिली दोन पाने वाळवीने भक्षण केल्यामुळे ग्रंथकर्त्याचे नाव कोणालाही ठाऊक नव्हते. त्यांपैकी चारशे अकरा पाने पूर्ण झाली होती, आणि ती करणाऱ्या आठ माणसांपैकी एकानेही आयुष्यात घड्याळाची पाठ उघडून पाहिलेली नव्हती. हा विचार मनात आला की ह्या आठांतलेच एक असलेले मुद्रितशोधक काम करता करता थांबत आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहत. छापखान्यातील सदतीस वर्षांत त्यांनी पगारी माणसांना चार पाने धड करताना पाहिले नव्हते.

"काका, तुम्ही नियामक व्हा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चर्चापानावर काय चाललंय ते बघताय ना? मागच्या महिन्यात दोघं सोडून गेले. अजून एक गेला, तर मी ते पानच बंद करून टाकणार. टाइप करा आणि गप्प बसा, बोलणंच नको. महिनाभर बघते. मोठा आ करा. तुम्हाला नाही, काका."

चर्चापान म्हणजे प्रत्येक पुस्तकाच्या पाठीमागे ठेवलेली एक मोकळी जागा, जेथे स्वयंसेवकांनी शंका विचाराव्यात, उत्तरे द्यावीत आणि एकमेकांना साहाय्य करावे अशी मूळ कल्पना होती. ते पान बंद होण्याच्या कल्पनेने मुद्रितशोधकांनी तत्काळ होकार दिला. त्याचे कारण सांगणे अवश्य आहे. ते मोठे वादप्रिय गृहस्थ होते. छापखान्यात त्यांना 'ऱ्हस्वदीर्घ' म्हणत, आणि एका वेलांटीसाठी त्यांनी एकदा मालकांना सायंकाळी सातपर्यंत घरी जाऊ दिले नव्हते. निवृत्तीनंतर ही सारी सामग्री घरात येऊन पडली. पहिली दोन वर्षे पत्नीने झुंज दिली. तिसऱ्या वर्षी एका रविवारी, भाजी निवडताना, त्यांनी आजवरचे व यापुढचे सर्व मुद्दे एकदम मान्य करून टाकले. तेव्हापासून अनुस्वाराविषयी त्यांच्याशी भांडेल असे माणूस पृथ्वीच्या पाठीवर त्या एका चर्चापानावरच उरले होते. ते पान मिटले म्हणजे मुद्रितशोधकांना आपले म्हणणे जन्मभर बरोबर असल्याचे दुःख एकट्याने भोगावे लागणार होते.

"तुम्हाला भांडण थांबवायला सांगितलंय?" पत्नीने विचारले. ह्या बाई टेलिफोन कचेरीत तीस वर्षे ऑपरेटर होत्या आणि कमी शब्दांत बोलत. "अहो, तुम्हाला?"

"मलाच."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि आगीच्या बंबावर बसवलेल्या काडेपेटीकडे पाहावे तशा त्यांच्याकडे पाहत राहिल्या.

भांडण होते ते एका टिंबाचे. जुन्या काळी 'कांटा' हा शब्द डोक्यावर टिंब देऊन लिहीत. हल्ली ते टिंब गेले आणि 'काटा' उरला. ग्रंथ घड्याळाचा असल्यामुळे पानोपानी कांटे होते: तासकांटा, मिनिटकांटा, मोडलेला कांटा, सरळ केलेला कांटा. मंडळातील एका सभासदाचे मत असे की ग्रंथकर्त्याने दिलेले टिंब हे त्याचे मरणोत्तर वित्त असून त्याला हात लावू नये. ह्या सभासदाने स्वतःचे टोपणनावच 'टिंब' असे घेतले होते. दुसऱ्या सभासदाचे टोपणनाव 'कोरी पाटी', आणि मत असे की पुस्तक आजच्या माणसासाठी आहे, आणि शिवाय वाचून दाखवणारे यंत्र ते टिंब उच्चारताना नाकात शिंक अडकल्यासारखे करते. व्याकरणाने टिंब नपुंसकलिंगी आणि पाटी स्त्रीलिंगी. ह्यापलीकडे दोघांविषयी कोणाला काही माहिती नव्हती. दोघेही क्रियापदे अशा बेताने योजीत की बाई की बुवा ते कळू नये. टिंब पहाटे पाच ते साडेसहा एवढ्या वेळातच लिही. पाटी दुपारी एक ते दीड. त्यामुळे ठोसा पहाटे बसे आणि उत्तर जेवणाच्या सुट्टीत येई.

'मूळ लेखकाचे टिंब पुसण्याचा अधिकार तुला कोणी दिला,' असे टिंबाने लिहिले होते.

'तू बैस टिंबाला कवटाळून,' पाटीने कळवले होते. 'वाचणाऱ्याला घड्याळ उघडायचे आहे, तुझे डोके नव्हे. तेथे काही हलत नाही हे बाहेरूनही दिसते.'

आणि हे दोघेच मंडळाचे खांब होते. चारशे अकरांपैकी दोनशे नव्वद पाने ह्या दोघांची होती.

नियुक्तीची वार्ता जिन्यात पसरली आणि सल्ले येऊ लागले. तळमजल्यावर बसचे एक निवृत्त कंडक्टर राहत. ते म्हणाले, "साहेब, गाडीत दोघं भांडायला लागले की मी मधे पडत नव्हतो. घंटी मारायची. गाडी हलली की दोघं आधी दांडा धरतात." मुद्रितशोधकांनी ह्यावर विचार करून चर्चापानावर लिहिले, 'चर्चा पुढे न्यावी.' दुसऱ्या दिवशी पहाटे टिंबाने विचारले, 'कोठे?'

पत्नी म्हणाल्या, "आवाज ऐकू येत नाही, म्हणून भांडतात. आमच्याकडे कोणी चिडून बोलायला लागलं, की मी नुसतं 'हं' म्हणायचे. तिसऱ्या 'हं'ला माणूस निवायचा." मुद्रितशोधकांनी प्रत्येक जहाल मजकुराखाली 'हं.' असे लिहिले, पूर्णविरामासह. दुपारी एक वाजून चार मिनिटांनी पाटीचे उत्तर आले, 'नियामकांनी हिणवू नये.' दुसऱ्या दिवशी पहाटे टिंबाने त्याला अनुमोदन दिले. दोघांचे एकमत झाल्याचा मंडळाच्या इतिहासातील हा पहिला प्रसंग होता, आणि तो नियामकांविरुद्ध होता.

त्यांना हे फार लागले. त्यातही मोठे शल्य असे की नियामकाने पक्ष घ्यावयाचा नाही असा दंडक असल्यामुळे, टिंबाच्या बाजूचे सतरा मुद्दे वहीत तयार असताना त्यांना तोंड मिटून बसावे लागे. जे पान वाचवावयाचे, त्यावर बोलण्याची एकट्या त्यांनाच बंदी होती.

अखेरीस त्यांनी ठरवले की सल्ले पुरे, नियम हवा. आणि त्यांना एक नियम सुचला, जो इतका साधा होता की सुचल्यावर ते खुर्चीवरून उठून उभे राहिले. चर्चापानावर कोणीही कोणाला 'तू' म्हणू नये, 'तुम्ही'देखील नको, सर्वांनी सर्वांना 'आपण' म्हणावे. भाषेने एवढे सुंदर सर्वनाम घडवून ठेवले असता ते निमंत्रणपत्रिकांत कुजत ठेवणे हा त्यांना अपराध वाटला.

परंतु नियम करावयाचा तर प्रस्ताव हवा, प्रस्तावाला ठरलेला नमुना हवा, आणि नमुन्यात 'ह्या नियमामुळे कोणाची गैरसोय होईल' असा रकाना होता. त्यात मुद्रितशोधकांनी 'असभ्यांची' असे लिहिले. प्रस्ताव परत आला. मंडळाच्या स्वयंचलित गाळणीला तो शब्द असभ्य वाटला होता. दुसऱ्या खेपेस त्यांनी 'कोणाचीही नाही' असे लिहिले, तो अपूर्ण म्हणून परत आला. तिसऱ्या खेपेस 'माझी' असे लिहिले, आणि तो स्वीकारला गेला.

मग सात दिवस चर्चा. सभ्यतेच्या नियमावरील ही चर्चा इतकी असभ्य झाली की तिचा नमुना येथे देणे प्रशस्त नाही. एका सभासदाचा आक्षेप मात्र विचारार्ह होता: 'तू गाढव आहेस हे वाचून राग येतो, आपण गाढव आहात हे वाचून दाढ दुखते.' तथापि आठांपैकी पाच मते मिळाली आणि नियम झाला.

त्याच्या अंमलबजावणीसाठी मंडळात एक यंत्रकार होते. ते कोठल्याशा कारखान्यात अभियंता होते आणि त्यांचे बोलणे तारेसारखे असे. त्यांनी एक छोटे साधन रचून दिले: जेथे 'तू' असेल तेथे आपोआप 'आपण' व्हावे, 'तुला'चे 'आपल्याला' व्हावे. साधन चालू करण्याआधी नियामकांनी एक खूण करावयाची होती. पडद्यावर विचारले होते, 'लागू करावयाचे क्षेत्र: चर्चा / सर्व.' मुद्रितशोधकांनी क्षणभरही विचार केला नाही. नियम म्हणजे सर्वांना सारखा. टिंबाला एक आणि पाटीला एक असे चालणार नाही. त्यांनी 'सर्व' ह्या शब्दापुढे खूण केली आणि चार दिवस अत्यंत समाधानात काढले.

ते समाधान अकारण नव्हते. चर्चापानाचे रूपच पालटले होते. टिंबाने पाटीला लिहिले, 'आपल्याला व्याकरण कळत नाही.' त्यावर पाटीचे उत्तर आले, 'हे आपण होऊन कबूल केल्याबद्दल आभारी आहे.' मुद्रितशोधकांनी हे दोनदा वाचले. 'आपल्याला' म्हणजे समोरच्याला, आणि 'आपल्याला' म्हणजे स्वतःलाही. नव्या सर्वनामाने टाकलेला दगड अर्ध्या वाटेवरून फेकणाऱ्याकडेच परतत होता. सदतीस वर्षे त्यांनी हा शब्द तपासला होता. त्याला दोन तोंडे आहेत हे व्याकरणात त्यांनी अनेकदा वाचले होते. परंतु ती दोन्ही एकाच वेळी बोलताना त्यांनी प्रथमच ऐकली.

पाचव्या दिवशी सकाळी पत्नी पडद्याकडे बघत म्हणाल्या, "अहो, वस्आपण म्हणजे काय हो?"

"काय?"

"इथं लिहिलंय. 'ही वस्आपण पितळेची असून.' आणि पितळ हा म्हणे एक धाआपण आहे."

मुद्रितशोधकांनी चष्मा पुसला. मग त्यांनी पाने उलटण्यास सुरुवात केली. 'सर्व' ह्या शब्दाने सर्व माणसे अभिप्रेत नव्हती. सर्व पाने अभिप्रेत होती. साधनाने घड्याळांच्या ग्रंथात शिरून प्रत्येक 'तू' वेचून काढला होता, मग तो कोणत्याही शब्दाच्या पोटात दडलेला असो. धातूचे धाआपण झाले होते, हेतूचा हेआपण, ऋतूंतील हवेचा तेलावर होणारा परिणाम सांगणाऱ्या प्रकरणात ऋआपण, आणि 'तूर्त एवढे पुरे' येथे 'आपणर्त एवढे पुरे.' घड्याळातील डुलत्या चाकाला ग्रंथकर्त्याने मोठ्या प्रेमाने 'तुलाचक्र' असे नाव दिले होते. त्याचे 'आपल्यालाचक्र' झाले होते.

पत्नी खुर्चीत बसल्या, पदर तोंडाला लावला, आणि त्यांचे खांदे बराच वेळ हलत राहिले. "आपल्यालाचक्र," त्या म्हणाल्या. "आपल्याला चक्करच ती."

यंत्रकारांनी कळवले, 'जुनी प्रत आहे. सरसकट परत आणल्यास मधल्या चार दिवसांतील सर्वांच्या दुरुस्त्या जातील. उलट बदल नको. लेखक वाचकाला आपण म्हणतो. त्याचा तू होईल. पान पान हाताने.'

मुद्रितशोधकांनी चर्चापानावर निवेदन दिले. त्यात एकही विशेषण नव्हते. चूक माझी, ती कशी झाली, किती पाने बिघडली, आणि ती मी एकटा नीट करीन, एवढे चार वाक्यांत लिहून त्यांनी पुढचे कोणतेही उत्तर न वाचण्याचा निश्चय केला. वाचण्यासारखे ते काय असणार. तीस दिवसांपैकी एकवीस झाले होते. कोणीतरी आता उठून जाणार आणि डॉक्टरीणबाई पान मिटणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होते. त्यांनी पान एक उघडले. सकाळची अकरा पाने, दुपारची नऊ. वस्आपण, वस्तू. धाआपण, धातू. दुसऱ्या दिवशी सायंकाळी ते पान एकेचाळीसवर होते आणि मनगट सुजले होते. उरलेल्या पानांचा अदमास घ्यावा म्हणून त्यांनी पान चारशे अकरा उघडले.

ते नीट झालेले होते.

त्यांना वाटले, नजरचूक. त्यांनी चारशे दहा उघडले. नीट. चारशे नऊ. नीट. प्रत्येक पानाखाली दुरुस्ती करणाऱ्याचे नाव आणि वेळ असते. चारशे अकरा, टिंब, पहाटे पाच वाजून अकरा मिनिटे. चारशे दहा, कोरी पाटी, दुपारी एक वाजून दोन मिनिटे. चारशे नऊ, टिंब. चारशे आठ, पाटी. विषम पाने एकाची, सम पाने दुसऱ्याची, आणि हे कोणी वाटून दिले होते, केव्हा दिले होते, ह्याचा कोठेही पुरावा नव्हता. मागल्या टोकाकडून दोन अनोळखी माणसे, एक पहाटेच्या काळोखात आणि एक जेवणाच्या डब्यासमोर, त्यांच्या दिशेने चालत येत होती. मुद्रितशोधकांनी टेबलावरचे दोन्ही हात मांडीवर घेतले. एखाद्या मोठ्या वास्तूत शिरताना पायांतील वहाणा आपोआप निघतात, तसे काहीसे त्यांना झाले. पत्नीने हाक मारली ती त्यांना ऐकू आली नाही.

मग त्यांनी धीर करून चर्चापान उघडले. भांडण थांबलेले नव्हते. पाने दुरुस्त करता करता दोघांना एकमेकांच्या शेकडो चुका नव्याने सापडत होत्या, आणि टिंबावरील वाद आता उदाहरणांसह चालला होता. परंतु त्या सगळ्याच्या मध्यभागी टिंबाचे एक वाक्य होते, पहाटे पाच वाजून पन्नास मिनिटांचे:

'पान दोनशे चार. येथे आपण एक ओळ गाळली आहे.'

दोनशे चार हे पान पाटीने टंकित केलेले होते. वाक्यातील आरोप अगदी उघड होता. पाटीचे उत्तर असे होते:

'पाहिले. खरेच, आपण गाळली. वाचताना अर्थ लागत होता म्हणून लक्षात आले नसावे. आपण ह्यापुढची पाने मूळ छायाचित्राशी पुन्हा ताडून पाहायची का?'

टिंबाने म्हटले होते 'आपण', म्हणजे पाटीने. पाटीने वाचले 'आपण', म्हणजे दोघांनी. की पाटीला टिंबाचा रोख नीट कळला होता आणि तिने जाणूनबुजून दुसरा अर्थ उचलला होता? मुद्रितशोधकांनी वाक्य उलटसुलट तपासले. व्याकरण दोन्ही अर्थांना सारखीच साक्ष देत होते.

आयुष्यभर त्यांनी अशा वाक्याच्या समासात एकच शेरा लिहिला होता: 'संदिग्ध. स्पष्ट करावे.' त्यांनी तो आताही लिहिला. 'येथे आपण म्हणजे नेमके कोण, ते उभयतांनी स्पष्ट करावे.' बोट कळीवर होते. खाली रस्त्यावरून एक ट्रक मागे मागे येत होता आणि कोणीतरी "येऊ दे, येऊ दे" असे म्हणत होते. मुद्रितशोधकांनी शेऱ्यातील अक्षरे एकेक करून पुसली, शेवटी पूर्णविरामही पुसला.

दुसऱ्या दिवशी ते पाच वाजता उठून बसले. पाच दहा झाले, काही नाही. पावणेसहा झाले. पत्नीने चहा आणून ठेवला आणि काही न विचारता शेजारी बसल्या. सहा एकतीसला एक ओळ उमटली.

'पाहू. विषम पाने आपली.'

"कोणाची?" पत्नीने विचारले.

"ते त्यात नाही," मुद्रितशोधक म्हणाले.

"हं," पत्नी म्हणाल्या.

त्या दुपारी पाटीने 'विषम आपली' ह्याचा अर्थ 'माझी' असा घेतला. दुसऱ्या दिवशी पहाटे टिंबाने तोच अर्थ घेतला. चार दिवस दोघांनी विषम पाने तळहातावरच्या रेषांसारखी तपासली, एकमेकांनी केलेली दुरुस्ती पुन्हा एकदा केली, तिच्यावर वाद घातला, आणि सम पानांना कोणीही हात लावला नाही. कळवले असते तर एका ओळीत उलगडा झाला असता. मुद्रितशोधकांनी मनगटाला पट्टी बांधली आणि दोनशे सहा उघडले. मग दोनशे आठ. कांटा जेथे होता तेथे त्यांनी कांटाच ठेवला, समासात 'विवाद्य' असे लिहिले, आणि पुढे गेले.

तिसाव्या दिवशी त्यांनी डॉक्टरीणबाईंना अहवाल धाडला. त्यात त्यांनी नमूद केले की कांट्याचा प्रश्न सुटलेला नाही. त्यावर ह्या महिन्यात एकशे अठ्ठेचाळीस उत्तरे झाली असून मागील महिन्यात एक्क्याण्णव होती. सभ्यतेसाठी केलेल्या उपायांपैकी दोन फसले आणि तिसऱ्याने ग्रंथाची नासधूस केली. नियामकाच्या हातून वाद कमी झाल्याचा पुरावा नाही. आणि तरीही, नियमात बसत असो वा नसो, पान बंद करू नये अशी त्यांची व्यक्तिशः विनंती आहे. 'व्यक्तिशः' हा शब्द अहवालात त्यांनी जन्मात प्रथमच वापरला.

दुपारी अडीच वाजता फोन आला. ह्या वेळी पाठीमागे कोणी कण्हत नव्हते.

"काका, मी सगळं वाचलं. पहिल्यापासून. माझे दोन पेशंट बाहेर खोळंबले."

"मग?"

"भांडण मिटलेलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण उठून कोणी गेलेलं नाही. पान चालू राहील."